न हलणारं पाणी

तुम्हीच मारलंत तिला. समुद्रानं नाही, विजेनं नाही, तुम्ही. आणि मारून झाल्यावर दारात फुलांचा फलक पाठवलात, गल्लीत आडवा मावेना एवढा, त्यावर तिच्या नावाहून तुमच्या कचेरीचं नाव मोठं. मग एक माणूस पाठवलात, इस्त्रीच्या शर्टातला, तांदळाची पिशवी घेऊन. त्यानं चपला बाहेर काढल्या, ओल्या जमिनीवर मांडी घातली, दुःखाची मान हलवली, आणि चहाचा घोट घेता घेता हळूच म्हणाला, वीजवाल्याच्याच घरात बोर्ड इतका खाली असावा, याला आता काय म्हणायचं.

हे सगळं कस्मुरीच्या डोक्यात एका दमात उसळलं ते पंपघरात, ड्राइव्हच्या कपाटासमोर, भर उन्हाच्या सकाळी. कारण अगदी बारीक होतं. कपाटाच्या दारावर एक छोटी काच होती, काचेत एक आकडा होता, आणि तो आकडा हलत नव्हता. बारा. कस्मुरीनं हत्यारांची पिशवी खाली ठेवली, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. बारा. बाहेरच्या तळ्यात वस्तीचं सगळं पाणी साचतं, तळ्याच्या तळाशी पाण्याचा भार मोजणारं बोंडाएवढं एक यंत्र बुडवलेलं असतं, त्यातून निघालेली केबल या कपाटात येते आणि किती पाणी आहे ते मिलिअँपिअरच्या भाषेत सांगत राहते. तिचं ऐकून ड्राइव्ह मोटरला जोरात फीर म्हणतो किंवा दमानं फीर म्हणतो. चार म्हणजे तळं रिकामं, वीस म्हणजे तुडुंब. बारा म्हणजे अर्धं. अर्धं असायला हरकत नव्हती. पण आयुष्यभर या आकड्यांकडे बघितलेल्या माणसाला माहीत असतं की पाणी कधी असं उभं राहत नाही. बगळा उतरला तरी आकडा थरथरतो. वारा आला, गटाराची लाट आली, पोरांनी दगड टाकला, की शेवटचा आकडा पापणीसारखा लवतो. हा लवत नव्हता. मेलेल्या माणसाचा डोळा जसा उघडा राहतो तसा तो उघडा होता. कस्मुरीनं खिडकीतून तळ्याच्या भिंतीवर रंगवलेल्या पट्ट्या पाहिल्या. पाणी पार तळाला गेलेलं होतं. आणि काच म्हणत होती, अर्धं.

कचेरीतून त्याला फोनवर सांगितलं होतं की तुमच्या वस्तीजवळच्या पंपघरात पंपाचा वेग पाण्याप्रमाणे बदलत नाहीये, इनपुट सिग्नलची काहीतरी भानगड आहे, जाऊन बघा. आणि पुढे असंही सांगितलं होतं की बघताना छपरावरचा लाल दिवा लागू देऊ नका. त्याची नेमणूक शहराच्या पूर्व टोकाच्या पंपघरात. इथे तो एरवी यायचा नाही. इथला माणूस गुनार्सो. गुनार्सो आत्ता दाराशी उलट्या बादलीवर बसून कॉफीत बोट बुडवत होता, गाळ खाली बसलाय का बघत. इतका वेळ कॉफीचा गाळ बघणारा माणूस कस्मुरीनं दुसरा पाहिला नव्हता. ‘कांग,’ तो म्हणाला, थोरल्या भावाला म्हणावं तसं तो कस्मुरीला नेहमीच म्हणायचा, ‘आकडा चांगला आहे की. असू दे. आज तुझ्या घरी एवढं कार्य, कशाला हात काळे करतोस?’

आज वार्सिनीचा, त्याच्या बायकोचा, चाळिसावा होता. संध्याकाळी गल्लीतली माणसं चटईवर बसून तिच्यासाठी दुआ म्हणणार, मग भात, कोंबडी, तळलेल्या शेवया भरलेला एकेक डबा घेऊन घरी जाणार. शेजारची जुमिला पहाटेपासून त्याच्या चुलीशी होती. नारळ किसायचा आवाज ऐकत घरात थांबणं त्याला झेपलं नाही. म्हणून तर तो कचेरीच्या फोनला लगेच हो म्हणाला. चाळिसाव्याला आत्मा घर सोडतो म्हणतात. तोवर तो उंबरठ्यापाशी घुटमळत असतो. कस्मुरीचा यावर विश्वास होता की नव्हता, हे त्यानं स्वतःला विचारलं नव्हतं. पण इतके दिवस घरात शिरताना तो सवयीनं दारातूनच हाक मारायचा, ‘बुने’, म्हणजे पोरांची आई, आणि मग थांबायचा.

कारण ती ‘हं’ म्हणायची. सगळ्या संसारात तिनं त्याला फार काही बोलून दाखवलं नाही, पण दारातून हाक आली की आतून ‘हं’ यायचा. रागावली असली तरी यायचा, मग तो दगडासारखा जड असायचा. भांडून दोन दोन दिवस अबोला धरला तरी हाकेला ‘हं’ असायचाच. एकदा त्यानं तिला विचारलं होतं, बोलायचं नाही म्हणतेस, मग हं कशाला म्हणतेस? ती मासे साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, ‘पाकने,’ पोरांच्या बापाला म्हणतात तसं, ‘आहे एवढं कळवायला नको का? बोलत नाही म्हणजे मेले नाही.’ तो हसला होता. त्याला तेव्हा आपल्या कामाची आठवण झाली होती आणि तिला सांगावंसंही वाटलं होतं की आमच्या केबलचंही असंच असतं. तळं कोरडं ठणठणीत असलं तरी ती चार पाठवते. शून्य पाठवत नाही. शून्य आलं तर त्याचा अर्थ पाणी नाही असा नसतो, सांगणारा उरला नाही असा असतो. पण सांगितलं नाही. बायकोला काय मिलिअँपिअर सांगायचे, असं वाटलं. किती तरी गोष्टी माणूस अशा वाटण्यातच ठेवून देतो आणि मग त्या सांगायला घरात कोणी नसतं.

त्यानं कपाटाचं दार उघडलं. पंपाची कळ मॅन्युअलवर टाकली, म्हणजे आता काहीही उपटलं तरी मोटर त्याच्या हातात राहील. मग इनपुटच्या पट्टीवरची एक तार सैल केली, मध्ये मीटर घातला. मीटरनंही बारा दाखवलं. म्हणजे ड्राइव्ह खोटं बोलत नव्हता, जे येतंय तेच दाखवत होता. बिघाड शोधायची रीत सोपी असते, धीर लागतो इतकंच: जिथे आकडा वाचतोस तिथून मागे मागे जा, ज्या जोडावर खऱ्याचं खोटं होतं तिथे थांब. कस्मुरी केबलच्या मागे निघाला, पत्र्याच्या नळीतून, भिंतीच्या भोकातून, तळ्याच्या काठावर खांबाला ठोकलेल्या जोडपेटीकडे. खाऱ्या हवेनं या पेट्यांची वाट लागते; दर काही दिवसांनी जोड हिरवे पडतात, सिग्नल तुटतो, ड्राइव्ह बोंब मारतो, छपरावरचा हिरवा दिवा जाऊन लाल लागतो. वस्तीला त्या दिव्याची सवय आहे. हिरवा असला की बायका पसारा जमिनीवर मांडतात. लाल दिसला की कोणी कोणाला काही न विचारता गाद्या टेबलावर, टीव्ही कपाटावर, म्हातारी माणसं पलंगावर. इथला समुद्र पावसाची वाट बघत नाही. निळ्या आभाळाखाली, कपडे वाळत असताना, तो गटारातून वर येतो.

‘तिकडे नको जाऊस,’ गुनार्सो मागून म्हणाला. ‘साप आहे त्या पेटीत. काल पाहिला मी.’

‘कसला साप?’

‘काळा होता.’

‘मग त्याला कॉफी का नाही दिलीस?’ कस्मुरी म्हणाला, आणि चालत राहिला. ऊन तळ्यावर पसरलं होतं. त्याला अचानक स्वतःच्या घरातला पंखा आठवला. निळ्या पात्यांचा, खाली ठेवायचा. दुपारी वार्सिनी फरशीवर चटई टाकून पंख्यासमोर आडवी व्हायची, फरशी गार लागते म्हणून. आणि तो बोर्ड. इस्त्रीच्या शर्टातल्या माणसा, ऐक. तो बोर्ड खाली नव्हता. तो बोर्ड कस्मुरीनं लग्नानंतर स्वतःच्या हातानं छातीइतक्या उंचीवर बसवला होता. बोर्ड जमिनीकडे आला नाही, जमीन बोर्डाकडे आली. हे शहर खाली चाललंय आणि माणसं घराच्या आत माती भरून भरून वर चाललीत. एकदा भरली, फरशी केली. परत पाणी आलं, परत भरली. दर खेपेला छप्पर जवळ येतं, खिडकी गुडघ्याला लागते. थोरल्या मुलाच्या लग्नात ज्या दारातून तो ताठ आला होता, त्याच दारातून आता कंबरेत वाकून शिरावं लागतं. दर खेपेला त्यानं सगळे बोर्ड वर चढवले. या शेवटच्या खेपेला एकच राहिला होता. वार्सिनी म्हणाली, असू दे, पंख्याला जवळ पडतो. आणि पंपघराच्या छपरावर हिरवा दिवा आहे की.

तो शुक्रवार होता. शुक्रवारी दुपारी वस्तीतला एकूण एक पुरुष मशिदीत असतो, गुनार्सोही. शुक्रवारची ती वेळ पंपघर केबलच्या भरवशावर सोडायची, हा इथला जुना शिरस्ता. त्यासाठीच तर स्वयंचलित यंत्र बसवलं होतं. कस्मुरी शहराच्या त्या टोकाच्या मशिदीत होता. इकडे नमाज संपवून लोक बाहेर आले तर पायऱ्यांवरच्या चपला गल्लीतून तरंगत चालल्या होत्या, आणि पोरं हसत हसत त्यांच्यामागे धावत होती. पंपघराच्या छपरावर दिवा हिरवा होता. कस्मुरीला कोणीतरी फोन केला की तुमच्या गल्लीत पाणी आलंय, एवढंच. तो मोटरसायकल बांधावर सोडून पाण्यातून चालत आला. दारात वाकला आणि हाक मारली, ‘बुने’. पाणी वीतभर होतं. जास्त नाही. त्यात चटईचं टोक तरंगत होतं. पंखा आडवा पडला होता. त्यानं पुन्हा हाक मारली. आणि मग त्यानं जे केलं, ते त्याला रोज आठवत होतं: तो आत गेला नाही. उचललेला पाय त्यानं मागे घेतला, वळसा घालून मागच्या भिंतीकडे गेला, मेन स्विच खाली ओढला, आणि मग आत शिरला. अंगात मुरलेला धंदा. बरोबरच होतं ते. कोणीही वीजवाला तेच करील आणि शिकाऊ पोरांना तेच शिकवील. पण तो वळसा घालताना ती त्या पाण्यात एकटी होती, आणि तो तिच्याकडे पाठ करून चालत होता.

जोडपेटीचं झाकण त्यानं उघडलं. साप नव्हता. तळ्यातून वर आलेल्या केबलची दोन टोकं कापून, चिकटपट्टी गुंडाळून, नीट बाजूला मुडपून ठेवली होती, जशी मढ्याच्या पायाची बोटं बांधतात. आणि कपाटाकडे जाणाऱ्या तारांना एक हातात मावेल एवढी डबी जोडली होती. चाचणी करताना खोटा सिग्नल द्यायला वापरतात तसली, फिरवायची कळ असलेली. कळ बारावर. डबीवर कोणीतरी जाड पेनानं लिहिलं होतं: म्बाह. म्हणजे आजोबा. तिच्याजवळ मोगऱ्याचं वाळून काळं पडलेलं एक फूल आणि लवंगेची एक अख्खी सिगारेट ठेवली होती, देवचाराला ठेवतात तशी. गंमत म्हणून. आजोबा कशालाही नाही म्हणत नाहीत. आजोबांना विचारा, पाणी किती? आजोबा म्हणणार, बेताचं, बाळा, बेताचं.

गुनार्सो जवळ येऊन उभा राहिला होता. कॉफीचा पेला अजून त्याच्या हातातच होता. कस्मुरी काही विचारीना, तसं त्याला आपणहून बोलावं लागलं, आणि तो बोलला ते तुटक, मागचं पुढे. ती गेली त्या आठवड्यात राजधानीतून मोठे पाहुणे पंपघर बघायला यायचे होते. शामियाना होता, कापडात गुंडाळलेल्या खुर्च्या होत्या. आदल्या दिवशी केबल गेली आणि दिवा लाल झाला. नवीन केबल यायला वेळ होता. वरून निरोप आला: लाल दिवा दिसता कामा नये. कसं ते तुमचं तुम्ही बघा. मग डबी लावली. पाहुणे आले, पंप फिरताना बघितला, टाळ्या वाजवल्या, जेवले, गेले. डबी दुसऱ्या दिवशी काढायची होती. पण काढली की दिवा लाल होणार, आणि लाल झाला की वर कळणार की काल जे दाखवलं ते नाटक होतं. मग वरच्यांना वाईट वाटेल. ज्यानं लावायला सांगितलं तो काही ‘काढा’ म्हणाला नाही. ज्यानं लावली त्याला आपणहून काढणं बरं दिसेना. एकेक दिवस गेला. रोज भरतीच्या वेळी गुनार्सो स्वतः उभा राहून पंप हातानं चालवायचा. फक्त त्या शुक्रवारी –

‘नमाजाला गेलास,’ कस्मुरी म्हणाला.

‘भरती उशिरा येणार होती, कांग. त्या दिवशी लवकर आली.’

कस्मुरीनं त्याच्याकडे पाहिलं. हा माणूस तिच्या मयतीला खांदा द्यायला पुढे होता. पहिल्या साती रात्री दुआला आला, दाराजवळच्या कोपऱ्यात बसला, सगळ्यांत मोठ्यानं आमीन म्हणाला, आणि निघताना दोन्ही हातांनी डबा घेऊन गेला. आजही येणार होता. त्याच्या डोळ्यांखाली काळं पडलं होतं, गालफडं बसली होती, हे कस्मुरीला आज दिसलं. इतके दिवस तो समजत होता की दुःख फक्त आपल्याच घरात आलंय. मारावंसं वाटलं. पाना हातात होता. पण हाताला उचलावासा वाटेना.

‘डबा खाल्लास का रे?’ त्यानं विचारलं. ‘तिच्या नावाचा.’

गुनार्सोचा पेला तिरका झाला, कॉफी त्याच्या पायावर सांडली, त्याला कळलं नाही. ‘नाही उतरला घशाखाली,’ तो म्हणाला. ‘एकही नाही. बायकोला नेऊन द्यायचो. ती विचारायची, तुम्ही का नाही खात. मी म्हणायचो, तिथेच जेवलो.’ मग तो खाली बसला, तळ्याच्या काठाच्या धोंड्यावर, आणि म्हणाला, ‘चौकशीला आले ना, त्यांनी कपाट बघितलं. म्हणाले, यंत्रात एकही बिघाड नोंदलेला नाही, सिग्नल व्यवस्थित, म्हणजे पंपघराचा दोष नाही. मी म्हणालो, हो साहेब. ते म्हणाले, भरतीच विलक्षण होती. मी म्हणालो, हो साहेब. ते म्हणाले, त्या बाईनं बोर्ड खाली ठेवला होता म्हणे. मी तेव्हाही –’

‘हो म्हणालास.’

‘म्हणालो.’

वारा आला आणि तळ्यावर सुरकुती उठली. खरं पाणी. ते कोणाला काहीच सांगू शकत नव्हतं, त्याची तार कापली होती. कस्मुरीला वाटलं, साऱ्या शहरात हेच चाललंय. खालून कोणी खरं बोललं तर वर दिवा लाल होतो, आणि वरच्यांना लाल रंग सोसत नाही, म्हणून मधल्या प्रत्येक जोडावर एकेक आजोबा बसवलाय. घर बुडतंय तरी कळ बारावर. बाई मेली तरी कळ बारावर. आणि या सगळ्या हो-हो-हो मधून एकच माणूस असं होतं की ज्याला खोटं हो म्हणता यायचं नाही, फक्त ‘हं’ म्हणता यायचं. तेवढं तुम्ही बंद केलंत. वर म्हणता, तिचीच चूक.

त्यानं डबीच्या तारा सोडवल्या. एक, मग दुसरी. तळ्यातली कापलेली टोकं लगेच जोडली नाहीत. आत जाऊन काच पाहिली: शून्य. ड्राइव्ह क्षणभर गप्प राहिला आणि मग त्यानं भोंगा दिला, लांब, घोगरा, साठवून ठेवल्यासारखा. छपरावर दिवा बदलल्याचा टक् आवाज झाला. मॅन्युअलवरची मोटर त्यानं पूर्ण वेगात सोडली. तळं कोरडं झालं तर तो स्वतः थांबवणार होता, तोवर फिरू दे. खिडकीतून वस्ती दिसत होती. पहिल्यांदा एका दारातून गादी बाहेर आली आणि परत आत गेली, वरच्या बाजूला. मग दुसरीकडे कोणी म्हाताऱ्याला धरून पलंगावर बसवलं. बायका एकमेकींना हाका मारत नव्हत्या. सरावलेल्या हातांनी एकेक वस्तू जमिनीवरून उचलत होत्या, पंखे, चपला, भाताची भांडी. त्याच्याच घराच्या दारात जुमिला वाकून बाहेर आली, हाताला खोबरं लागलेलं, आणि बांधावरून ओरडून विचारू लागली की पाणी येतंय का, चुलीवर एवढा भात आहे, उतरवू का. येत नव्हतं. पण त्यानं हातानं खूण केली, वर ठेवा सगळं. आज हा दिवा खोटा नव्हता. तो इतकंच म्हणत होता की आम्हाला माहीत नाही. एवढं जरी त्या शुक्रवारी म्हणाला असता, तर ती उठून बसली असती, पंख्याचा प्लग काढला असता, चटई गुंडाळून खांद्यावर टाकली असती, आणि कुरकुरत पलंगावर चढली असती.

फोन वाजला. कचेरी. त्यानं तो कपाटावर ठेवून मोठ्या आवाजावर केला, म्हणजे गुनार्सोलाही ऐकू जाईल. पलीकडे तोच इस्त्रीचा आवाज होता, चहा पिणारा. तो म्हणाला, कस्मुरीभाऊ, तुमच्या दुःखाची आम्हाला जाणीव आहे, आज घरी कार्य आहे तेही ठाऊक आहे. पण दिवा लाल का दिसतोय? तो आधी बंद करा, मग निवांत बोलू.

‘साहेब,’ कस्मुरी म्हणाला. त्याला वाटलं होतं आपण ओरडू. पण आवाज नेहमीचा, दारातून हाक मारायचा, तसाच निघाला. ‘म्हातारा सापडला. पेटीतला. त्याला मी काढलाय. आता मला एकच सांगा. त्या शुक्रवारी दुपारी, आम्ही सगळे नमाजात असताना, या तळ्यात पाणी किती होतं?’

पलीकडे कागद सरकल्यासारखा आवाज झाला.

‘तुमचं यंत्र बारा म्हणत होतं. माझ्या घरात वीतभर होतं. तुम्ही माझ्या ओल्या जमिनीवर बसून सांगितलंत, तिची चूक. मग तुम्हाला आकडा माहीत असणार. सांगा. सांगितल्याशिवाय हा दिवा हिरवा होत नाही. मी इथेच बसलोय, गुनार्सोही बसलाय. किती होतं पाणी?’

फोन चालू होता. फोनच्या काचेवरचे सेकंद पुढे जात होते. पलीकडे एक माणूस श्वास घेत होता हे स्पष्ट ऐकू येत होतं, आणि तो काही बोलत नव्हता. कस्मुरीनं कपाटाला कपाळ टेकलं. आत मोटर गरगरत होती, बाहेर दिवा लाल होता, आणि तो थांबला, जसा इतके दिवस उंबरठ्यावर थांबायचा.

‘साहेब,’ तो म्हणाला, ‘नुसतं हं तरी म्हणा.’